दोन खिळ्यांवरच्या पट्ट्या

सुजितनं सांगितलं म्हणून मामांनी चप्पल शेडच्या बाहेर काढली, तिथंच माझं टाळकं फिरलं.

"आप्पा, पायाबरोबर धूळ येते आत. कॉम्प्युटरला चालत नाही," एवढंच तो म्हणाला. आणि चाळीस वर्षं भुशात नि ढलप्यांत चप्पल फरफटत फिरलेला माणूस उंबऱ्याशी थांबला, एका हातानं चौकट धरली, वाकून दोन्ही चपला काढल्या आणि देवळात शिरल्यागत आत आला. मी आत रंधा मारत होतो. माझ्या पायात चप्पल होती.

"दाजी, तुम्ही पण काढा की."

"मी लाकूड तासतोय," मी म्हणालो. "भुसा मीच करालोय. चप्पल काढून काय उजेड पडणाराय?"

मामांनी नुसतं माझ्या पायांकडं बघितलं. मग मी काढली.

मामा म्हणजे माझे सासरे, ईश्वरा मिस्त्री. कोल्हापुरात उद्यमनगराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर आणि घराच्या परसात पत्र्याचं शेड. आम्ही पॅटर्न करायचो. लोखंडाची एखादी वस्तू ओतायची तर फौंड्रीवाल्याला आधी तिची लाकडी प्रत लागते. तिच्याभोवती वाळू ठोकायची, प्रत अलगद काढून घ्यायची, आणि जी पोकळी राहते तिच्यात रस ओतायचा. ती प्रत म्हणजे पॅटर्न. मी एकोणिसाव्या वर्षी मामांच्या हाताखाली आलो. पहिले सहा महिने नुसती पटाशीला धार लावली. पाचव्या वर्षी मामांनी त्यांची थोरली, शालन, मला दिली. तेव्हापासून शेडमध्ये मी 'आनंदा' आणि स्वयंपाकघरात 'पाव्हणं'. शेडमध्ये 'अरे तुरे', ताटावर 'घ्या, घ्या'. मला शेडमधलंच बरं वाटायचं.

एकच गोष्ट सलायची. मी पॅटर्न पुरा केला की मामा पट्टी घेऊन तो पहिल्यापासून परत मोजायचे. कडा, भोकं, उतार, सगळं. मग बुडाला लोखंडी शिक्का ठोकायचे, 'ई. मि.' एवढीच अक्षरं. मामांचा शिक्का बघितला की कुठलाही फौंड्रीवाला न मोजता पॅटर्न वाळूत घालायचा. अठरा वर्षं झाली, माझं एकही काम त्यांनी न मोजता सोडलं नव्हतं. आणि मोजून झाल्यावर तोंडातनं शब्द नाही. मी चहाचं निमित्त करून बाजूला उभा राहायचो. वाटायचं, आज म्हणतील, 'बेस झालंय.' दोन शब्द. ते शिक्का ठोकायचे आणि नळावर हात धुवायला जायचे.

आणि सुजित, त्यांचा धाकटा. पॉलिटेक्निक केलं, पुण्याला कंपनीत पाच वर्षं काढली, आणि एक दिवस नोकरी सोडून परत आला. म्हणाला, आता हातानं कोरायचे दिवस संपत आले, आपण सीएनसी बसवू. कॉम्प्युटरला चित्र दाखवायचं, मशीन लाकूड कोरणार. मोटरी, पट्टे, तारांच्या जुड्या घेऊन आला. खालचं टेबल मात्र मी केलं. जुन्या सागवानाच्या तुळया घेतल्या, महिनाभर रंधा मारला, पाणसळ लावून लावून सपाट केलं. त्यावर रूळ बसवले, मशीनचं चाक ज्यात अडकून सरकतं तो दातेरी रॅक बसवला. टेबल झालं त्या दिवशी मामा आले, तळहात फिरवला आणि सुजितला म्हणाले, "मोटरी कधी बसवणार?"

माझ्या टेबलाबद्दल अक्षर नाही.

कॉम्प्युटर जुनाच होता, कुठल्यातरी बंद पडलेल्या ऑफिसातला. पाठीमागं प्रिंटर जोडायचं रुंद भोक असलेलाच पाहिजे म्हणून सुजित आठवडाभर शोधत फिरला होता. त्या भोकातनंच मशीनला हुकूम जातात म्हणे. शेडच्या कोपऱ्यात काचेचं कपाट करून त्यात तो ठेवला. ते कपाट पण मीच केलं. मग सुरू झाला त्याचा सोहळा. सुजित स्टुलावर बसून बटणं दाबतोय आणि मामा शेजारी हात मागं बांधून उभे. मामांचं निम्मं काम पडून राहायला लागलं.

"हे काय करालाईस?"

"नको असलेलं सगळं काढून टाकतोय, आप्पा. याला नेट नको, गाणी नको, काय नको. आणि याची झोपायची सोय बंद केली. मध्येच हा झोपला तर मशीन अर्ध्यात थांबतं, लाकूड वाया."

"म्हणजे यानं फक्त एकच काम करायचं."

"एकच."

"शाणा हाय," मामा म्हणाले.

मीही सहा महिने एकच काम केलं होतं. तेव्हा मला शाणा कुणी म्हणालं नव्हतं. मी पटाशी जरा जोरात आपटली. दोघांनीही वळून बघितलं नाही.

दोन दिवस मशीन चालू झालं की आपोआप बंद पडायचं. सुजित म्हणाला, कटरच्या मोटरीचा गोंगाट तारांत शिरतोय, चांगलं अर्थिंग पाहिजे. मग परसात खड्डा कुणी खणला? मी. कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी, सगळं मीच भरलं. घामाघूम होऊन आत आलो तर मशीन गुरगुरत चाललेलं आणि मामा सुजितच्या पाठीवर हात ठेवून उभे. त्या हाताकडं बघून मला काय झालं ते मी लपवून ठेवत नाही. मी सदतीस वर्षांचा बाप्या, पदरात दोन पोरी, आणि लहान भावाला खांद्यावर घेतलं म्हणून हिरमुसणाऱ्या पोरासारखा दारात उभा होतो.

दुपारी ताटावर शालन म्हणाली, "सुजितनं मशीनला पेन बांधून गोल काढला म्हणं. आप्पा आईला सांगत होते, कंपासनं काढल्यागत आलाय. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या."

"भाकरी वाढ."

"तुम्ही बघितला न्हाई व्हय?"

"बघितला."

बघितला होता. सकाळीच. पांढऱ्या कागदावर पेन फिरलं, गोल पुरा झाला, पेन वर उचललं गेलं. मामांनी तो कागद हातात घेतला, खिडकीपाशी नेला, बराच वेळ डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाले, "बेस."

एका पेनच्या गोलाला.

"जळालाय तुम्ही," शालन हसत म्हणाली. तिनं चेष्टाच केली होती. पण मी ताटावरनं उठलो, म्हणालो, पित्त झालंय.

आता त्या दोन पट्ट्यांचं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

लोखंडाचा रस थंड होताना आकसतो. शंभराला एक, असा अंदाज. म्हणून चारशे मिलिमीटरचं कास्टिंग पाहिजे असेल तर पॅटर्न चारशे चारचा करावा लागतो. दर वेळी हा हिशेब कोण करत बसणार? म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते, कंट्रॅक्शनची पट्टी. दिसायला साध्या स्टीलच्या पट्टीसारखीच, पण तिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर केसभर मोठा. तिच्यावर चारशे मोजलं की खरं चारशे चार होतं. कोपऱ्यात दोन बारीक अक्षरं असतात, तेवढाच फरक, आणि मामांच्या पट्टीवरची ती अक्षरं अंगठ्यानं झिजून गेलेली. आमच्या शेडमध्ये भिंतीवर दोन खिळे होते. डावीकडं कंट्रॅक्शनची, उजवीकडं साधी. साधी क्वचित लागायची. 'पट्टी दे' म्हटलं की आमचा हात आपोआप डावीकडं जायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुजित मशीनला माप शिकवत होता. म्हणजे असं, की कॉम्प्युटरवर पाचशे लिहायचं, मशीन पाचशे सरकलं का ते पट्टीनं बघायचं, आणि फरक असेल तर खरा आकडा कॉम्प्युटरला सांगायचा. मग तो आपला हिशेब दुरुस्त करून घेतो. सुजित टेबलावर आडवा होऊन रुळाला डोळा लावून बसलेला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मामा एका जुन्या पॅटर्नला मेण लावत होते. सुजितनं मान न वळवता हात मागं केला.

"पट्टी द्या जरा."

मामा उठायला लागले. गुडघ्यांमुळं त्यांना वेळ लागायचा. तोवर मी हात लांब करून पट्टी काढली आणि सुजितच्या हातात ठेवली. त्यानं कुणी दिली ते बघितलंही नाही. मामा परत खाली बसले.

सुजित पट्टीकडं बघत राहिला.

"चारशे पंच्याण्णवच?" तो म्हणाला. "हिशेबानं पाचशे यायला पाहिजे होतं."

परत मोजलं. चारशे पंच्याण्णव.

माझी नजर भिंतीवर गेली. डावीकडचा खिळा मोकळा होता. हात सवयीनं तिकडं गेला होता. सुजितला साधी पट्टी पाहिजे होती, कारण आकसण्याचा हिशेब त्यानं कॉम्प्युटरमधल्या चित्रातच घातला होता. मी तोंड उघडलं, देवाशप्पथ उघडलं. 'अरे, ती पट्टी नव्हे,' एवढंच म्हणायचं होतं.

तेवढ्यात मामा मेणाचं फडकं खाली ठेवून म्हणाले, "रॅक बघ. आनंदानं बसवलाय. ढिला राहिला असंल कुठं."

सुजित म्हणाला, "व्हय, दाजी, रॅकमध्येच गडबड दिसतीय. असू दे. मी इथं भरून काढतो आकडा."

मी तोंड मिटलं.

महिनाभर घासून, एकेक दात बघून बसवलेला रॅक. तो ढिला. मामांनी उठून बघायची पण तसदी घेतली नाही. पेनचा गोल बेस, आणि आनंदानं बसवलंय म्हणजे ढिलं. माझ्या अंगाची आग आग झाली. मनात म्हणालो, भर. भर तुझा आकडा. पडू दे तोंडावर दोघांनाही. बघू दे एकदा मामांना, कुणाचं काम कसं असतं ते. आणि खरं सांगायचं तर आणखी एक होतं. बोललो असतो तर पट्टी मीच चुकीची दिली हेही सांगावं लागलं असतं. मामांसमोर, सुजितसमोर. ते माझ्यानं होणार नव्हतं.

सुजितनं चारशे पंच्याण्णव टाइप केलं. परत पाचशे सरकवलं, परत त्याच पट्टीनं मोजलं. बरोब्बर पाचशे, म्हणजे खरं पाचशे पाच. आडव्या बाजूनंही तसंच केलं. मग एक चौकोन कोरून बघितला, तोही त्याच पट्टीनं मोजला. पट्टी खोटी, तिच्यावर बेतलेलं मशीन खोटं, आणि दोघं एकमेकांना खरं म्हणत होते. तो स्टुलावरनं उठला, अंग मोडलं आणि हसला. मी पट्टी उचलली, पुसली आणि डावीकडच्या खिळ्याला लावून टाकली.

पहिलं काम मगदूमांच्या फौंड्रीचं होतं. गुऱ्हाळाच्या चरकाची बैठक, बेअरिंगांच्या दोन भोकांत चारशेचं अंतर. मगदूम मामांचे जुने गिऱ्हाईक. ते सुजितला म्हणाले होते, हा एक पॅटर्न मशीनवर करून दाखव, चांगला झाला तर पुढचं सगळं काम इथंच. मला ऐकू येईल असंच म्हणाले होते. मामांनंतर शिक्का कुणाच्या हातात जाणार, हा प्रश्न तोवर आमच्या घरात कधी निघाला नव्हता, कारण शेडमध्ये मी सोडून दुसरं होतं कोण? आता होतं.

तीन दिवस मशीन चाललं. कटर लाकडावरनं फिरतोय, पातळ भुसा उडतोय, आणि चरकाची बैठक हळूहळू वर येतेय. सुजित खडीसाखर वाटत होता. शालन, सासूबाई, शेजारचे लोक बघून गेले. या तीन दिवसांत मी कधीही बोलू शकलो असतो. रोज सकाळी चप्पल काढताना वाटायचं, आज सांगू. मग आत मामांचा आवाज यायचा, सुजितला काहीतरी विचारताना, लहान पोरानं विचारावं तसा कौतुकाचा आवाज, आणि माझ्या तोंडाला कुलूप लागायचं. मी मनाची समजूत काढली होती की मामा मोजतील. मामा मोजल्याशिवाय शिक्का ठोकत नाहीत. त्यांना सापडेल, सुजितची जिरेल, नुकसान काही व्हायचं नाही. एवढाच धडा बस झाला.

पॅटर्न पुरा झाला. सुजितनं तो पॉलिश करून बाकावर ठेवला. मामा आले. कडेवरनं बोटं फिरवली, दोन्ही भोकांत अंगठे घातले. मी भिंतीवरची पट्टी काढून त्यांच्यासमोर धरली.

"ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "मशीननं केलंय. बरोबरच असणार."

आणि शिक्का ठोकला.

ठक्कन आवाज झाला. अठरा वर्षं. शेकड्यांनी पॅटर्न. एकदासुद्धा नाही. आणि ह्याचं पहिलंच, न मोजता. मी पट्टी धरून उभा होतो तसाच उभा राहिलो. त्या क्षणी बोललो असतो तरी वेळ गेली नव्हती. पण मला वाटलं, जाऊ दे. जाऊ दे आता खड्ड्यात.

दहाव्या दिवशी मगदूम स्वतः आले. सोबत टेम्पोत एक कास्टिंग आणि आमचा पॅटर्न. आरडाओरडा नाही, माणूस सभ्य. "मिस्त्री," ते म्हणाले, "आठ नग ओतले. एकाचंही भोक जुळत नाही. चार मिलिमीटर लांब हाय. आठही परत भट्टीत घातले. तुमचा शिक्का बघून आम्ही मोजलं नव्हतं."

मामांनी पॅटर्न मागवून घेतला. डावीकडची पट्टी काढली, खिडकीच्या उजेडात नेली, पार डोळ्यांजवळ धरून मोजलं.

"चारशे चार," ते म्हणाले. "हिच्यावर चारशे यायला पाहिजे. सुजित, आकसण्याचा हिशेब दोनदा पडलाय."

सुजितचा चेहरा पांढराफटक. "मी चित्रात एकदाच घातलाय, आप्पा. दाखवतो तुम्हाला."

"मग दुसऱ्यांदा मशीनमध्ये गेला. मशीनला माप कुठल्या पट्टीनं शिकवलंस?"

सुजित भिंतीकडं बघत राहिला. डावा खिळा, उजवा खिळा. "मी काढली नव्हती," तो हळू म्हणाला. "मी हात मागं केला होता. कुणीतरी हातात दिली. मी बघितलंच नाही."

शेडमध्ये आम्ही चौघं. मगदूम, सुजित, मामा, मी. मामांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, झालं. आता विचारणार. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. आजही मला तसंच वाटतं, की विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

मामांनी विचारलं नाही.

"मीच दिली," ते म्हणाले. "मी उठलो होतो, तेवढं आठवतंय. मीच दिली असणार."

"आप्पा, दाजी पण तिथंच होते..."

"ए." मामांनी त्याला हातानं थांबवलं. "आनंदाच्या हातनं असली चूक व्हायची न्हाई. अठरा वर्षं मी ह्याचं काम मोजतोय. पहिली दोन वर्षं चूक काढायला मोजलं. पुढं सापडंना. मग नुसतं बघायला बरं वाटतं म्हणून मोजत होतो. असं काम मी माझ्या बापाचं पण बघितलं न्हाई."

मगदूम मान हलवत होते. सुजितनं माझ्याकडं बघून मान खाली घातली. मी त्या शब्दांची अठरा वर्षं वाट बघितली होती. आणि ते आले तेव्हा मी बाकाला टेकून उभा राहिलो.

"डोळ्यांचं गेलं वर्षभर चाललंय," मामा मगदूमांना म्हणाले. "लपवत होतो. अक्षरं दिसत न्हाईत, खिळा डावा का उजवा कळत न्हाई. पोराला चुकीची पट्टी दिली आणि शिक्का पण न मोजता ठोकला. आता बस झालं. तुमचं नुकसान मी भरून देतो, मगदूम. पण ह्या शेडमधलं माझं काम संपलं."

मगदूम म्हणाले, मिस्त्री, एवढ्यातेवढ्यानं असं काय करताय. सुजित म्हणाला, आप्पा, हे पाच मिनिटांचं काम आहे. आणि होतंच पाच मिनिटांचं. त्यानं उजवीकडची पट्टी घेतली, पाचशे सरकवलं, मोजलं, आकडा बदलला. मशीन दुरुस्त. लाकडाचा नवा ठोकळा लावला की चार दिवसांत नवा पॅटर्न.

मामांनी शिक्का उचलला. फडक्यानं पुसला आणि माझ्यापुढं धरला.

"पाव्हणं," ते म्हणाले, "धरा."

शेडमध्ये त्यांनी मला पाव्हणं म्हटलेलं ते पहिल्यांदा. मी शिक्का घेतला. शब्द तयार होते, सगळेच्या सगळे. मी दिली पट्टी, मामा. मला तेव्हाच कळलं होतं. तुमच्या डोळ्यांचा काही संबंध नाही. पण तो शिक्का हातात आला आणि बोटं त्याच्याभोवती मिटली. मामा उंबऱ्यापाशी गेले, चौकट धरून वाकले आणि चपला घातल्या.

परत ते आत आले नाहीत.

संध्याकाळी शालन म्हणाली, "आप्पांचं असं कसं झालं हो? खिळा चुकायचा माणूस न्हाई तो."

"वय झालं," मी म्हणालो.

त्याला आता चौदा वर्षं झाली. सुजितची दोन मशीनं आहेत, पहिलं अजून माझ्याच टेबलावर चालतं आणि रॅक एक दात सरकलेला नाही. तो चित्र करतो, मशीन कोरतं, मी शेवटचा हात फिरवतो, मोजतो आणि शिक्का ठोकतो. आमचं जमतं. नवीन गिऱ्हाईक आलं की तो माझ्याकडं बोट करून सांगतो, "दाजींचं परत मोजायला लागत न्हाई." मी दोनदा मोजतो. कधी तीनदा.

मामा पुढं दोन वर्षं होते. ओसरीवर खाटेवर बसून राहायचे. डोळ्यांचं ऑपरेशन करू म्हटलं तर म्हणायचे, आता बघायचंय काय? शेडमधनं मशीनचा आवाज आला की मान जरा तिकडं वळायची, एवढंच. हात मांडीवर नुसते पडलेले. ज्या माणसाचे हात मी कधी रिकामे बघितले नव्हते त्याचे.

एकदा मी एक पॅटर्न हातानंच केला. मशीनला न लावता, अख्खा हातानं. पंपाचं कवच, वाकणावळणाचं, अवघड. पंधरा दिवस लागले. तो काखेत घेतला, डाव्या खिळ्यावरची पट्टी घेतली आणि ओसरीवर गेलो. ठरवूनच गेलो होतो. मामा मोजतील, मोजताना मान खाली असेल, तेवढ्यात सांगून टाकायचं.

"मामा," मी म्हणालो, "जरा मोजता का?"

पॅटर्न त्यांच्या मांडीवर ठेवला. पट्टी पुढं केली. त्यांनी पट्टी घेतली नाही. पॅटर्नवर एकदा तळहात ठेवला आणि काढून घेतला. नजर समोर रस्त्यावर.

"बेस झालंय," ते म्हणाले.

मी पुढं केलेली पट्टी मागं घेतली. मग पॅटर्न उचलला, शेडमध्ये आलो आणि पट्टी खिळ्याला लावली.